मोठ्या फाइलींसोबत चेकसमही प्रसिद्ध व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विकास आराखड्याच्या नकाशांपासून अभ्यासक्रमाच्या ध्वनिचित्रफितींपर्यंत बरेच साहित्य हल्ली संकेतस्थळावरून डाउनलोड करून घ्यावे लागते. कोल्हापूर शहरात फायबरची जोडणी असलेल्यांना त्याचे काही वाटत नाही. परंतु गगनबावडा किंवा शाहूवाडीकडच्या विद्यार्थ्याची भिस्त बहुधा रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर असते. ही मर्यादा संपली की बऱ्याच पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि त्या वेगाने एक जीबी उतरायला सुमारे ३५ तास लागतात. साहजिकच चार-पाच जीबीची फाइल त्याला तुकड्यातुकड्यानेच घ्यावी लागते.

फाइलचा उरलेला भागच मागून घेण्याची सोय एचटीटीपीमध्ये, म्हणजे संकेतस्थळावरून फाइली पाठवण्याच्या नियमपद्धतीत, आहे आणि ती चालू असलेला सर्व्हर २०६ या संकेतासह तेवढाच भाग पाठवतो. ती बंद ठेवली असेल, किंवा लिंक काही तासांत बाद होणारी असेल, तर तुटलेले डाउनलोड पुन्हा शून्यापासून सुरू होते. त्याहून वाईट म्हणजे मधल्या काळात त्याच नावाने सुधारित फाइल चढवली गेली आणि डाउनलोड करणाऱ्या प्रोग्रॅमने हा बदल तपासला नाही, तर जुन्या फाइलचा पूर्वार्ध आणि नव्या फाइलचा उत्तरार्ध एकमेकांना जोडले जातात. आकार कदाचित जुळतोही, पण झिप उघडत नाही. कधी लॉगिनची मुदत संपल्यामुळे फाइलऐवजी लॉगिनचे पानच झिपच्या नावाने साठवले जाते. अशी ‘फाइल’ काही केबींचीच असल्याने आकार पाहताच ओळखू येते, एवढेच त्यातले सुख!

‘पुन्हा डाउनलोड करा’ हे मदतकक्षांचे ठरलेले उत्तर अशा वेळी ग्राहकाचा डेटा वाया घालवण्यापलीकडे काही साधत नाही. फाइलशेजारी तिचा बाइटमधला नेमका आकार आणि एसएचए-२५६ पद्धतीचा ६४ अक्षरी चेकसम (फाइलच्या मजकुरावरून गणित करून काढलेली, मजकूर जरा बदलला तरी बदलणारी खूण) दिलेला असेल, तर विंडोजमधल्या सर्टयूटिल किंवा लिनक्समधल्या एसएचए२५६सम या आज्ञेने तो घरच्या घरी ताडून पाहता येतो. उबुंटू, डेबियनसारख्या मोफत प्रणाली देणारे लोक हे वर्षानुवर्षे करत आले आहेत.

दोष नेहमी सर्व्हरचाच असतो असेही नाही. संगणकावर नीट उघडणारी फाइल पेनड्राइव्हवर जात नसेल, तर तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे का ते पाहावे, कारण तीत चार जीबी वा त्याहून मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केल्यास काम होते. मात्र त्याने आतला मजकूर पुसला जातो, म्हणून तो आधी दुसरीकडे काढून ठेवावा.

शासकीय कार्यालये, विद्यापीठे आणि खासगी शिकवण्या यांनी एक जीबीवरील प्रत्येक फाइलसोबत आकार व चेकसम द्यावा, तुटलेले डाउनलोड पुढे सुरू करण्याची सोय सर्व्हरवर चालू ठेवावी आणि फाइल बदलल्यास तिचे नावही बदलावे, अशी विनंती आहे.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर