बंबाचे पाणी आणि वयाची बेरीज

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आईने फोनवर विचारले होते की, तुझ्या बर्न्स वॉर्डात एवढी माणसे येतात तरी कशाने. तेव्हा ड्यूटीवर होते, म्हणून आता सविस्तर लिहिते.

भाजणे म्हणजे निव्वळ दैव, असे बाहेरून वाटते; पण रुग्णाचे वय समजले की कारणाचा अंदाज पुष्कळदा आधीच बांधता येतो. नुकती चालू लागलेली मुले जमिनीवर उतरवून ठेवलेल्या कढत पाण्याने किंवा वरणाने पोळून येतात. उच्च दाबाच्या विजेने भाजलेल्यांत कामावरचे पुरुष अधिक. त्यांची जखम वरून लहान दिसते, पण आतले स्नायू जळून गेलेले असल्याने कधी कधी हात कापावा लागतो. तरुण स्त्रिया बहुतेक स्वयंपाकघरातून येतात, आणि अंगावर सिंथेटिक साडी असेल तर ती वितळून कातडीला चिकटलेली असते.

त्यांच्याबाबत ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हे नातेवाइकांचे वाक्य, रॉकेल दुर्मीळ झाल्यावरही, अधूनमधून ऐकू येते. भडक्याने सहसा चेहरा, हात, छाती असा समोरचा भाग भाजतो. डोक्यापासून पाठीपर्यंत सगळेच जळालेले असेल आणि केसांना रॉकेलचा वास येत असेल, तर शंका घ्यावीच लागते, मात्र तेवढ्यावरून निवाडा करता येत नाही. म्हणून जबाब घेण्यापूर्वी, रुग्ण शुद्धीवर असल्याची खात्री डॉक्टर करतात आणि नातेवाइकांना बाहेर पाठवले जाते. सासरची माणसे खाटेशी उभी असताना ती बिचारी काय बोलणार?

आता तुमच्याविषयी. वय आणि भाजलेल्या त्वचेची टक्केवारी यांची बेरीज करायची, ती शंभराकडे झुकली की जीव वाचणे अवघड, असा आमच्या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. उपचार सुधारल्याने ही मर्यादा आता पुढे सरकली आहे, तरी वयाचा भार उरतोच. एक अख्खा पाय म्हणजे १८ टक्के. बाबांच्या ७४ वर्षांत ते मिळवले की ९२ होतात. ६० अंशांचे पाणी निरोगी प्रौढाची त्वचाही पाचेक सेकंदांत खोलवर भाजते, आणि बंबातले पाणी त्याहून तापलेले असू शकते. त्यात बाबांना साखर असल्याने तळपायांना चटका लगेच जाणवत नाही. त्यामुळे बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग कढत सोडावे, आणि आईने हात घालून पाहिल्याशिवाय बाबांनी ते अंगावर घेऊ नये. गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकणे तर बंदच करावे. पावसाळ्यात लाकडे ओली असली तरी बंबात रॉकेल ओतू नये.

आईने समईची वात सारताना पदर खोचून घ्यावा. कुठे भाजलेच, तर वीस मिनिटे नळाचे पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद, बर्फ काहीही लावू नये. गॅस गळाल्यास तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि वयोमानाने त्याचा वास उशिरा येतो. संशय आला तर विजेचे कोणतेही बटण न दाबता दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि १९०६ वर कळवावे. गॅसच्या नळीवर तिच्या निर्मितीचे वर्ष छापलेले असते. बाबांनी ते चष्मा लावून वाचावे आणि पाच वर्षे उलटली असल्यास एजन्सीकडून नळी बदलून घ्यावी.

तुमची,
सुधा