रंगाआधी गच्ची आणि कॉलम

संपादक महोदय,

सप्टेंबर उलटत आला की नाशिकमधल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या वार्षिक सभा होतात आणि विषयपत्रिकेवर एक विषय हमखास असतो : पावसाळा संपला, आता दिवाळीआधी इमारतीला रंग. इंदिरानगर, कॉलेज रोड, सिडको, नाशिकरोड या भागांत १९९० च्या आसपास उभ्या राहिलेल्या इमारतींच्या सभासदांना आमची कळकळीची विनंती आहे, की यंदा हा विषय मागे ठेवा. आतून ओल असलेल्या भिंतीवरचा रंग दोन-तीन पावसाळ्यांत फुगतो, त्याचे पोपडे निघतात आणि तोवर गच्चीसाठी व पार्किंगमधल्या कॉलमसाठी सोसायटीकडे पैसे उरलेले नसतात.

दर मे-जूनमध्ये जुन्या नाशकातल्या वाड्यांना महापालिकेच्या धोकादायक इमारतीच्या नोटिसा जातात. ते योग्यच आहे. पण लाकडी तुळया आणि मातीच्या भिंतींचे दुखणे वेगळे, आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटच्या) इमारतीचे वेगळे. काँक्रीट ताजे असते तेव्हा त्यातल्या अल्कधर्मीपणामुळे सळई सुरक्षित असते. वर्षानुवर्षे हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो (यालाच कार्बोनेशन म्हणतात), हे संरक्षण संपते आणि त्यात पाणी मिळाले की सळई गंजू लागते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त असते, त्यामुळे वरचे काँक्रीट आतूनच फुटते. कॉलमच्या कोपऱ्याला समांतर, खालून वर गेलेली भेग दिसली तर ती बहुधा प्लास्टरची नसते, आत गंजणाऱ्या सळईची असते. तिच्यात लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारणे म्हणजे रोग झाकणे. नाशिकची हवा मुंबईसारखी खारी नाही. इथे सळईपर्यंत पोहोचणारे पाणी बहुतेक वेळा आपल्याच इमारतीचे असते : गच्चीचे, बाथरूमच्या सांध्यांचे, टाकीच्या ओव्हरफ्लोचे. म्हणजेच ते थांबवता येते.

सर्वांत मोठी चूक गच्चीवर होते. गळती सुरू झाली की कंत्राटदार जुन्या कोब्यावरच (स्लॅबवरच्या विटांचे तुकडे व सिमेंटच्या जलरोधक थरावरच) नवा कोबा घालून देतो, कारण जुना फोडून खाली उतरवणे त्याला महाग पडते. १०० मिलिमीटर जाडीच्या वीटकोब्याचे वजन चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरते. एक हजार चौरस फुटांच्या गच्चीवर हे १८ टनांच्या घरात जाते. वापरात असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला चल भार (माणसे, सामान यांचे वजन) चौरस मीटरला साधारण १५० किलो आहे. म्हणजे दुसरा कोबा घातला, की माणसे, सामान यांच्यासाठी ठेवलेली सारी क्षमता एका फटक्यात संपते आणि हे ओझे कधीच उतरत नाही. त्यावर सोलर वॉटर हीटरच्या टाक्या येतात. शिवाय खालच्या थरात मुरलेले पाणी दोन थरांमध्ये अडकून वर्षभर झिरपत राहते, म्हणून गळतीही थांबत नाही.

जुना कोबा काढलाच पाहिजे. तो छिन्नी-हातोड्याने काढावा, जड ब्रेकर लावू नये, कारण खालच्या स्लॅबला हादरे बसतात. राडारोडा गच्चीवर एका जागी ढीग करून ठेवू नये, त्याच दिवशी खाली उतरवावा. स्लॅब उघडा झाला की भेगा भरून, निदान १०० ला १ असा उतार पावसाळी पाइपांच्या दिशेने घ्यावा. गळती बहुधा सपाट भागातून नव्हे, तर कठड्याच्या सांध्यातून आणि पाइपांच्या तोंडाशी होते. तिथली वाटा (सांध्यातली सिमेंटची गोलाई) आणि जाळी यांवर मुकादमाचे लक्ष हवे. नंतर पाणी कोंडून तीन दिवस ठेवावे आणि खालच्या फ्लॅटचे छत पाहूनच बिल मंजूर करावे. कठड्यात पिंपळ उगवला असेल तर तो नुसता छाटून भागत नाही, मूळ काढावे लागते.

पाणी थांबल्यावर कॉलम-बीम. इथे घाई करणारा कंत्राटदार नको. आधी इंजिनिअरच्या सांगण्याप्रमाणे लोखंडी प्रॉप (टेकू) लावून भार उचलून धरायचा, मगच सैल काँक्रीट काढायचे, तेही सळईच्या मागे सुमारे २० मिलिमीटर मोकळी जागा होईपर्यंत. सळई घासून चकचकीत करायची. व्यास बराच झिजला असेल तर जोडीला नवी सळई द्यायची. मग गंजरोधक लेप, बाँडकोट (जुन्या काँक्रीटला नवा थर चिकटवणारा लेप) आणि पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेले सिमेंट-वाळूचे मिश्रण). बाँडकोट चिकट असतानाच मॉर्टर बसले पाहिजे. तो सुकला तर दोन थरांना जोडण्याऐवजी वेगळे करतो, आणि वर्ष-दोन वर्षांत तुकडा सुटून पडतो. मॉर्टरचा एक थर १०-१२ मिलिमीटरपेक्षा जाड नको. कॉलमला जॅकेट (भोवती नव्या सळई-काँक्रीटचे आवरण) घालायचे ठरले तर ते पार्किंगच्या फरशीपासून सुरू करणे निरर्थक आहे. फरशी आणि मुरूम काढून पायापर्यंत जावे लागते, कारण कॉलमचा सर्वांत ओला भाग तिथेच असतो आणि तोच कोणी पाहत नाही.

हे सारे ठरते स्ट्रक्चरल ऑडिटवरून, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीवरून. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २६५ अ प्रमाणे ३० वर्षे झालेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत इंजिनिअरकडून बंधनकारक आहे. आदर्श उपविधी (सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) तर १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांनंतर दर ३ वर्षांनी ऑडिट सांगतात. मात्र चार फोटो आणि रिबाउंड हॅमरचे (पृष्ठभागावर आपटून काँक्रीटचा कठीणपणा मोजणाऱ्या उपकरणाचे) आकडे म्हणजे ऑडिट नव्हे. जुन्या पृष्ठभागावर कार्बोनेशनमुळे हॅमरचे आकडे उलट जास्त येतात. सोबत अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी आतले काँक्रीट तपासणारी) चाचणी हवी, फिनॉल्फ्थेलिन फवारून कार्बोनेशनची खोली मोजलेली हवी (निरोगी काँक्रीट गुलाबी होते, बिघडलेले रंगहीन राहते), आणि कोणता कॉलम, कोणता बीम हे नकाशावर खुणा करून दाखवलेले हवे. त्यावरून कामांची परिमाणे काढून बाबनिहाय दराने निविदा मागवावी. प्लास्टर उतरवल्यावर काम वाढतेच, म्हणून पाचव्या हिश्शाइतकी रक्कम आधीच राखून ठेवावी. प्रत्येक जागा झाकण्याआधी दोन्ही पक्षांनी मिळून मोजावी.

पैशांचे गणितही तपासा. उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) किमान पाव टक्का. समजा १९९५ मध्ये फ्लॅटचा बांधकाम खर्च दोन लाख होता, तर दुरुस्ती निधी वर्षाला १५०० रुपये, म्हणजे महिन्याला १२५. एवढ्यात आज गच्चीचा कोपराही दुरुस्त होत नाही. हा आकडा किमान आहे. सर्वसाधारण सभेला तो वाढवता येतो आणि वाढवायला हवा.

महापालिकेकडे दोन मागण्या आहेत. सहाही विभागीय कार्यालयांनी पूर्णत्वाच्या दाखल्यांवरून ३० वर्षे पूर्ण करणाऱ्या इमारतींची यादी काढून दर जानेवारीत प्रसिद्ध करावी, म्हणजे सोसायट्यांना पावसाळ्याआधी पाच महिने मिळतील. आणि दप्तरात असलेले त्या इमारतींचे आरसीसी नकाशे सोसायट्यांना साध्या अर्जावर द्यावेत. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १७ नुसार नव्या प्रकल्पांत विकासकाने नकाशे सोसायटीला सोपवायचेच आहेत. जुन्या इमारतींकडे मात्र ते बहुधा नसतात, आणि त्यांच्याविना आत किती सळई आहे हे शोधायला इंजिनिअरला ठिकठिकाणी काँक्रीट फोडून पाहावे लागते.

— इमारत दुरुस्तीच्या क्षेत्रात काम करणारे काही स्थापत्य अभियंते, नाशिक