डीटीपीवाल्या काकूंना, ईस्टरच्या वॉलपेपरबद्दल

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र दुकानात आणून दिलं असतं, तर तुम्ही ‘राहू दे रे’ म्हणत न वाचताच गल्ल्यात सारलं असतं. म्हणून चारचौघांत लिहितोय. आमच्या चर्चच्या मंडळीच्या तरुण संघाकडून, आणि थोडं माझ्याकडूनही.

ईस्टर जवळ आला की मोबाईलवर कसले वॉलपेपर फिरतात, ते तुम्हाला यंदा आम्हीच दाखवले. हिरवळीवर ट्युलिप, गुलाबी चेरी, टोपलीत रंगीत अंडी, मागे तीन वधस्तंभ आणि कोपऱ्यात ससा. दिसायला छान असतात, नाही असं नाही. पण नगरच्या एप्रिलमध्ये, पंखा पाचवर ठेवून ट्युलिप बघायचे म्हणजे जरा गंमतच. यंदा आपलं आपण करू असं ठरलं. मराठी अक्षरं नीट कोण लावून देईल, असं विचारल्यावर सगळ्यांनी तुमचंच दुकान सांगितलं. तुमच्या टेबलावर लग्नपत्रिकांच्या प्रुफांचा ढीग होता. तरी ‘बस, दाखव काय ते’ म्हणालात.

तुम्ही आधी अक्षरं बघाल असं मला वाटलं होतं. तुम्ही विचारलंत, “तुमची ही गोष्ट घडते कुठं?” मी सांगितलं, येशू ज्या कबरीतून उठला ती एका बागेत होती, योहानाच्या शुभवर्तमानात तसं लिहिलंय. मग्दालीया मरीया पहाटे तिथं गेली, समोर उभा असलेला येशू तिला ओळखू आला नाही, माळीच वाटला. त्यावर तुम्ही खुदकन हसलात. “माळी? मग अडलंय कुठं? आत्ता बाहेर काय फुललंय ते बघून ये.”

त्या रात्री मी लिलीबद्दल वाचत बसलो. परदेशातल्या चर्चमध्ये ईस्टरला जी पांढरी लिली वेदीभोवती मांडतात, ती मूळची जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरची आणि तैवानची. येशूच्या देशात वसंतात डोंगरउतारावर फुलतात ती लाल ॲनिमोनी. लिली स्वतःच तिथं पाहुणी आहे, तर आपल्या फुलांनी संकोच का करावा?

आणि इथेच तुमचा चाफा आला. ईस्टरची तारीख दरवर्षी सरकते, २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्ये कुठंही येते, हे ऐकल्यावर तुम्ही लगेच हिशेब मांडलात. लवकर आला तर पळस, पांगारा. उशिरा आला तर बहावा. यंदा ५ एप्रिल, म्हणजे चाफा. मला पटत नव्हतं, कारण आमच्याकडे चाफा म्हटलं की कबरस्थान आठवतं. आजीनं तर कपाळाला हात लावला, “कबरीवरचं फूल मोबाईलवर लावणार?” पण तुम्ही दुकानामागचं झाड दाखवलंत. एक पान नाही. जाड, राखाडी फांद्या, तुटलेल्या जागी सुकलेला चीक. कुणीही वाळलं म्हणून तोडायला निघावं. आणि त्याच बोडक्या टोकांवर पांढऱ्या फुलांचे झुबके, आतून पिवळे. पुनरुत्थानाचं चित्र याहून वेगळं काय काढणार? आजीला मी म्हटलं, गोष्ट कबरस्थानातलीच आहे की. ती काही बोलली नाही, पण आता तिच्या फोनवर तोच वॉलपेपर आहे.

अक्षरांचं तर काय सांगू. माझ्या फोटोशॉपमध्ये ‘ख्रिस्त’ लिहिलं की वेलांटी भलतीकडे आणि ‘स्त’चे दोन तुकडे. तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडलंत, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडलात, मुक्ता फॉन्ट लावलात, आणि अक्षरं सरळ झाली. मग इंग्रजी डिझाइनसारखं मी अक्षरांमध्ये अंतर टाकलं होतं ते शून्यावर आणलंत, कारण अंतर टाकलं की शिरोरेषा तुटते. ‘प्रभू’चा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसत होता, दोन ओळी तुम्ही जरा सोडवल्यात. हे कुणाच्या लक्षात येत नाही, पण नसलं की खटकतं.

‘तो उठला आहे’ ही ओळ मी अगदी वर घेतली होती. तुम्ही तुमचाच फोन पुढे केलात: वर घड्याळ बसतं. “पत्रिकेत वर गणपतीची जागा सोडतो ना, तशी इथं घड्याळाची सोडायची.” १०८० बाय २४०० च्या त्या उभट चौकटीत ओळ मधे आली, फुलं खाली, वर नुसतं पहाटेचं आकाश.

उत्तम शुक्रवारचा, म्हणजे गुड फ्रायडेचा वॉलपेपर पूर्ण काळा ठेवायचा, हेही तुमचंच डोकं. ओलेड पडद्यावर शुद्ध काळा रंग म्हणजे तिथले ठिपके खरंच विझलेले असतात. येशू वधस्तंभावर असताना बारा ते तीन अंधार पडला होता, एवढं मी तुम्हाला सांगितलं होतं. बाकी तुम्ही जोडलंत. दुपारी, येशूनं वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांच्या उपासनेत खिशातून फोन काढला की काळा पडदा आणि घड्याळ, बस्स.

कुरकुर झालीच. ‘हे ईस्टरचं वाटत नाही’ असं दोघातिघांनी म्हटलं. त्यांना मी आंजेलो द फोन्सेकांची (१९०२–१९६७) चित्रं दाखवली. गोव्याचा हा माणूस पुण्यात शिवाजीनगरच्या आश्रमात राहून मरीयेला साडी नेसवत होता, तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती. वाद मिटला असं नाही. निदान चाफ्यावरून फोन्सेकांवर गेला. आमचं नगर म्हणजे १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक जिथं सुरू झालं ते गाव. छापलेल्या गोष्टीवर वाद घालायची सवय जुनी आहे.

पहाटेच्या प्रभातफेरीत मी मुद्दाम इतरांच्या फोनकडे बघत होतो. बऱ्याच पडद्यांवर चाफा होता, आणि स्वच्छ होता. कारण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, हेही तुम्हीच बजावलं होतं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. ‘देवाचं काम’ म्हणालात. देव कुणाचा, ते विचारायचं सुचलंही नाही. पण पुढच्या वर्षी असं चालणार नाही, दर आधी सांगा. २०२७ चा ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे तुमच्या हिशेबानं पळस. पळसाचे फोटो मी फेब्रुवारीतच काढून आणतो. लग्नसराईच्या आधी एखादी दुपार आमच्यासाठी राखून ठेवाल का, तेवढं कळवा.

तुमचा,
दुकानातली दुसरी खुर्ची अडवून बसणारा