नेलपॉलिशचा ठिपका

प्रिय मास्तर,

सात-आठ महिन्यांत एक ओळ नाही, फोन नाही, आणि आज एकदम हे लांबलचक पत्र. शिव्या घालून घे, मग पुढे वाच. तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच, बीपीची गोळी चालू. हे सगळं फोनवर सांगितलं असतं तर तू पहिल्याच वाक्याला हसला असतास आणि मी फोन ठेवला असता, म्हणून लिहितोय.

तर ऐक. परवा गाडी सर्व्हिसिंगला दिली. देण्याच्या आदल्या रात्री मी पार्किंगमध्ये टॉर्च तोंडात धरून बसलो, ग्लव्हबॉक्स दोन्ही बाजूंनी दाबून खाली पाडला, एसीचा फिल्टर बाहेर ओढला आणि त्याच्या कडेला लेकीच्या नेलपॉलिशचा एक ठिपका दिला.

हो. नेलपॉलिश. हस आता.

गॅरेजवाले प्लग खरंच बदलतात का, हे पाहायला तू त्यावर लावलेल्या त्या लाल ठिपक्यावरून मी तुला काय काय बोललो होतो, ते मला शब्दन् शब्द आठवतंय. 'माणसांवर विश्वास नसलेला माणूस' हे त्यातलं सर्वांत सौम्य. चार महिने आपण बोललो नव्हतो, शेवटी जाड्याच्या लग्नात जेवायच्या रांगेत पुढेमागे आलो म्हणून तोंडं उघडली. आणि आता मी, या वयात, चोरासारखा स्वतःच्याच गाडीत.

कारण सांगतो. मागच्या वर्षी गाडीला घूं घूं आवाज यायला लागला. चाळीसच्या पुढे सुरू, साठला चांगलाच. तू शिकवलं होतंस तसं तपासलं. उजवीकडे वळताना वाढतो, डावीकडे वळताना दबतो. म्हणजे भार डाव्या चाकांवर पडला की ओरडतंय, म्हणजे डावीकडच्या चाकाचं बेअरिंग. सर्व्हिस ॲडव्हायजरला हे सगळं नीट सांगितलं. त्याने मान डोलावली आणि जॉब कार्डवर लिहिलं, 'नॉइज चेक'. बस, दोन शब्द! मी पाच मिनिटं सांगितलेल्याचा हा सारांश. आतल्या मेकॅनिकपर्यंत पोचले तेवढेच दोन शब्द, कारण आपली आणि त्याची गाठ पडूच देत नाहीत. मध्ये काच. पहिल्या खेपेला अलाइनमेंट, बॅलन्सिंग. दुसऱ्या खेपेला टायर पुढचे मागे, मागचे पुढे (हे एका अर्थी बरोबर होतं; टायरचा आवाज असता तर जागा बदलून मागे गेला असता, पण तो जागचा हलला नाही), आणि वर 'सर, या मॉडेलला एवढा आवाज असतोच.' तिसऱ्या खेपेला मी हटून बसलो, तेव्हा आतून एक वयस्क मेकॅनिक आला, हात पुसत. शेजारी बसला. एका वळणावर डोळे मिटले आणि म्हणाला, 'पुढचं डावं. उतरा.' संपलं. असा माणूस आता तिथे नाही, मी विचारलं.

त्यानंतर विश्वास उडाला असं नाही, पण कान टवकारले गेले. प्रत्येक वेळी ॲडव्हायजरकडे नवी यादी: इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसीचं निर्जंतुकीकरण. मॅन्युअलमध्ये यातलं काही नाही म्हटलं की त्याचा चेहरा असा पडतो की मलाच वाईट वाटतं. त्यालाही वरून कोणी तरी विचारत असणार, आज किती विकलंस म्हणून.

तर परवा. गाडी परत आली, बाहेरून चकाचक. बिलावर एसी फिल्टर, ऑइल, ऑइल फिल्टर, ब्रेक ऑइल. घरी येऊन ग्लव्हबॉक्स पाडला. ठिपका जागेवर. आणि घडीत अडकलेलं वाळकं पान, तेही जागेवर! मला आधी आनंद झाला, सापडला म्हणून. मग पोटात खड्डा.

दुसऱ्या दिवशी फिल्टर हातात घेऊन गेलो. ॲडव्हायजर एका सेकंदात म्हणाला, 'बिलिंगची चूक, सर, लगेच काढतो.' ना वाद, ना चौकशी. त्याची ती तत्परताच मला टोचली. संध्याकाळी फोन आला, दहापैकी किती गुण द्याल? म्हटलं, ठिपक्याला दहा. बाईंना कळलं नाही.

पण फिल्टर मरू दे. माझी झोप उडाली आहे ती ब्रेक ऑइलने. फिल्टरवर खूण करता येते, तेलावर कशी करणार? बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीत पाहिलं तर मधासारखं फिकट, नवं. पण तूच म्हणायचास ना, वरचं ओढून काढून नवं ओतलं की डबी नवी दिसते, नळ्यांत आणि चाकापाशी ब्रेक आवळणाऱ्या कॅलिपरमध्ये जुनंच राहतं. मी आडवा पडून (गुडघ्यासकट) मागच्या चाकामागे टॉर्च मारला. हवा काढायच्या निपलवरची रबरी टोपी वाळक्या चिखलाने माखलेली. पाना लागला असता तर तो चिखल तसाच राहील का? पुढचं मला नीट दिसलं नाही. तेल दोन वर्षांचं झालंय, ओलावा धरलेला असणार. नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की तीच हद्द १५५ च्या आसपास उतरते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की वाफ, आणि मग पेडल पोकळ.

आणि गाडी आता लेक चालवते. पुढच्या महिन्यात मैत्रिणींना घेऊन डोंगरात जायचं म्हणते. तिला काय सांगू? बापाने नेलपॉलिश लावून पाहिली म्हणून जाऊ नकोस? तक्रार वर करावी म्हणतो, पण मग बळी जाईल तो आतला मेकॅनिक पोरगा, ज्याला एका दिवसात दहा गाड्या उरकायच्या असतात. की हाही माझा भोळेपणाच? तू म्हणशील, हाच.

तुझ्या घराचं काम संपलं का? वहिनींचे डोळे आता कसे? धाकट्याला नोकरीबद्दल अभिनंदन सांग, मी फोन करणार होतो, राहिलं.

रविवारी रिकामा असशील तर ये. जॅक माझ्याकडे आहे, निपलचा पाना तुझा आण, आणि ती पारदर्शक नळी. पेडल मी दाबतो, खाली तू झोप. माझा गुडघा.

तुझा,
(त्या वेळी चुकलेला)

ता. क. नेलपॉलिश लेकीला न विचारता घेतली होती. तिला कळलंय. तिने फक्त रंग कोणता घेतला एवढंच विचारलं.