पहिल्या शहरांच्या यादीत वजन-मापालाही जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जगातल्या पहिल्या शहरांवर लेख आला होता. चाक, नांगर, लिपी, भाजलेली वीट, झाकलेली गटारे, सगळे त्यात होते. वजन आणि माप मात्र एका ओळीतही नव्हते. मी ३४ वर्षे बाजार समितीत मापाडी होतो, माझे वडीलही मापाडीच. लेख वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र.

आधी उरुकबद्दल. आजच्या इराकमधल्या या शहरात सव्वापाच हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्या सापडल्या, म्हणून लिपीचा मान त्याला मिळतो, आणि तो योग्यच आहे. पण त्या पाट्यांवर लिहिले काय आहे? बहुतेक पाट्यांवर जव किती, मेंढ्या किती, कुणाला किती दिले, हाच हिशेब. ओबडधोबड, तिरप्या काठाचे मातीचे वाडगेही तिथे हजारोंनी निघाले आहेत. मजुरांना त्यांतून धान्याचा शिधा मोजून देत असावेत, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. ‘खाणे’ या अर्थाचे त्यांचे चिन्ह म्हणजे माणसाचे डोके आणि त्यापुढे तसाच एक वाडगा. म्हणजे लिहिणाऱ्याच्या आधी तिथे मापणारा बसलेला होता.

माझा खरा जीव मात्र हडप्पा संस्कृतीच्या वजनांत अडकला आहे. मुलगा नोकरीनिमित्त अहमदाबादला असतो. त्याच्याकडे गेलो असताना त्याने लोथल या हडप्पा काळातल्या शहराचे संग्रहालय दाखवले. सगळे गोदीकडे निघाले, मी काचेच्या पेटीपाशी थांबलो. आत दगडाची चौकोनी वजने मांडलेली. चर्ट नावाच्या गारगोटीसारख्या दगडाची, अंगावर फिकट-गडद पट्टे, कडा नीट, सगळ्या बाजूंनी घोटून गुळगुळीत केलेली. खूण नाही, आकडा नाही. या वजनांतले सगळ्यात लहान ०.८६ ग्रॅमच्या आसपास भरते, आकाराने काबुली हरभऱ्याएवढे. त्याच्या दुप्पट पुढचे, त्याच्या दुप्पट त्यापुढचे, असे १, २, ४, ८, १६, ३२, ६४. सोळापट म्हणजे सुमारे १३.७ ग्रॅमचे वजन सर्वांत जास्त सापडते, फाशापेक्षा थोडे मोठे. ६४ च्या पुढे मात्र दुपटी सोडून १६०, २००, ३२०, ६४० अशी दहाच्या हिशेबाची चढण लागते.

दुपटीच का, हे मापाड्याला सांगावे लागत नाही. ही सात वजने एकेकच जवळ असली, तरी १ पासून १२७ पर्यंत कोणताही तोल करता येतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की वजन खरे की खोटे हे वजनांनीच तपासता येते. दोन लहान एका पारड्यात, त्यापुढचे मोठे दुसऱ्यात. दांडी आडवी राहिली तर माल खरा. कुणा साहेबाला विचारायला नको.

आमच्या घरात लाकडी मापांचा संच होता. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. मोजून पाहा, निळव्यापासून पायलीपर्यंत सहा दुपटी, म्हणजे ६४. एप्रिल १९५७ पर्यंत आपल्या रुपयाचे पैसेही ६४ च होते. हे थेट हडप्पाहून आले, असा माझा दावा नाही. ज्याला रोज मापायचे असते तो अर्धे आणि दुप्पट याच वाटेने जातो, एवढे मी अनुभवाने सांगतो. खळ्यावर वडील पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. लाभ, दोन, तीन. ते माप ओतत असताना दोन्हीकडची माणसे गप्प असत.

आता दगडच का, तेही सांगतो. आमच्या लोखंडी वजनाच्या बुडाला भोक असते. त्यात शिसे ओतून वजन बरोबर करतात आणि त्यावर निरीक्षकाचा शिक्का बसतो. एका आडतीवर एक दिवस वीस किलोचे वजन माझ्या हाताला जड लागले. रोज शंभरदा उचलणाऱ्या हाताला ते कळते. तपासले तर भोकात शिसे जास्त ठासलेले, तीनशे ग्रॅमने जड. क्विंटलमागे शेतकऱ्याचा दीड किलो गहू फुकट जात होता. त्या दिवशी मी काटा सोडून उठलो आणि वजन बदलेपर्यंत बसलो नाही. चर्टच्या वजनाला भोक नाही. चाकूने त्यावर ओरखडा उठत नाही, आणि टवका काढला तर घोटलेल्या अंगावर तो लगेच दिसतो. हा दगड कुणी विचार करून निवडला होता.

हा दगड मुख्यतः सिंधमधल्या रोहरीच्या टेकड्यांतला. लोथलपासून हडप्पा सरळ रेषेत जवळजवळ ९०० किलोमीटर. मोहेंजोदडो, धोलावीरा, सगळीकडे तोल तोच. समुद्रापलीकडे बहारीनमध्येही याच मापाची वजने मिळाली आहेत. हडप्पात ती वेशींच्या आसपास सापडतात, त्यावरून तिथे मालावर जकात घेत असावेत, असा एक तर्क आहे. इसवी सनापूर्वी २६०० ते १९०० हा त्या शहरांच्या भरभराटीचा काळ. शहरे मोडली तशी मुद्रा गेल्या, लिपी गेली आणि ही चौकोनी वजनेही गेली. शेती, मडकी, गुरे राहिली. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते.

हे सगळे दूरचे आहे असे आपल्या वाचकांनी समजू नये. आमच्याच श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. १९७४ साली झाडाचे मूळ खणताना एका मजुराला तिथे कांस्याचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातली वस्तीही तिथल्या उत्खननात निघाली. त्या रथाचे चित्र आमच्याकडे बहुतेकांनी पाहिलेले असते, वजनांचे कुणी पाहिलेले नसते.

माझी नात सहावीत आहे. तिला कळावे म्हणून दोन करवंट्या दोरीने बांधून ताजवा केला आणि प्रवरेतून खडे आणले. एका खड्याच्या जोडीचा दुसरा करायचा, मग दोघांच्या बरोबरीचा तिसरा. ओट्यावर पाणी टाकून घासायला बसलो. दगड घासला की कमीच होतो, वाढत नाही. पहिल्या दिवशी दोन खडे वाया गेले, कारण एक घसारा जास्त झाला. तिसऱ्या संध्याकाळी जोडी जमली. दांडी आडवी झाली तेव्हा नात ओरडली, “लाभ!”

एक विनंती आहे. पुढच्या पुरवणीत या वजनांचे छायाचित्र छापा, आणि ते खऱ्या आकाराचेच छापा, खाली ग्रॅमचा आकडा देऊन. आमचा तिसरा खडा अजून थोडा जड आहे. तो उतरेपर्यंत चित्र आले, तर नात त्यावर खडे ठेवून पाहील.

आपला,
एक निवृत्त मापाडी
ता. श्रीरामपूर