झॅग्स निघाले पॅक-१२ ला

विचिटा, कॅन्सस
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. स्पोकेनला घर लागलं, मुलीची शाळा सुरू झाली, आणि आता शेजारीपाजारी सगळे एकाच विषयावर, गॉन्झागाच्या बास्केटबॉल संघावर (लाडाने ‘झॅग्स’), बोलतात म्हणतोस. ‘कॉन्फरन्स बदलली म्हणून एवढं काय आकाश कोसळतंय?’ हा तुझा प्रश्न रास्त आहे. विचिटातल्या माणसाला विचारलास हेही बरं केलंस, कारण हे प्रकरण या गावाने आठ वर्षांपूर्वी अंगावर घेतलंय.

आधी मूळ गोष्ट. तुमच्या स्पोकेनचं गॉन्झागा विद्यापीठ १९७९ पासून वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या एका गटात, आहे. १ ऑक्टोबर २०२४ ला त्यांनी जाहीर केलं की आपण पॅक-१२ या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जाणार, आणि ते १ जुलै २०२६ पासून लागू होईल. मार्क फ्यू १९९९ मध्ये मुख्य कोच झाले, तेव्हापासून मार्चमधली एनसीएए स्पर्धा (कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा) या संघाने एकदाही चुकवलेली नाही (२०२० ला ती झालीच नाही). २०१७ आणि २०२१ मध्ये थेट अंतिम सामना. २०२१ ला तर ३१-० (३१ विजय, हार एकही नाही) अशा हिशेबाने उतरले आणि बेलरकडून हरले. एवढं सगळं छोट्या कॉन्फरन्समध्ये बसून मिळवलं, मग निघायचं कशाला?

याचं उत्तर मार्चच्या स्पर्धेत संघ कसे बसवतात त्यात आहे. एकूण ६८ संघ. त्यातले ३१ आपापल्या कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकून येतात, उरलेले निवड समिती घेते. मग चार विभाग, आणि प्रत्येकात १ ते १६ मानांकन. ८ वा संघ ९ व्याशी खेळतो आणि जिंकला तर पुढच्याच फेरीत सहसा त्याच्यासमोर पहिल्या मानांकनाचा संघ उभा राहतो. ४ था असेल तर तीच गाठ किमान तिसऱ्या फेरीपर्यंत टळते. म्हणजे आत जाणं ही अर्धीच लढाई, कुठल्या दाराने जाता ती उरलेली अर्धी.

समितीच्या पुढ्यात असतं ‘नेट’ नावाचं क्रमवारीचं कोष्टक, आणि त्यावरून पाडलेले सामन्यांचे चार गट. पहिल्या गटातला विजय म्हणजे घरच्या मैदानावर पहिल्या ३० मधला संघ, तटस्थ मैदानावर पहिल्या ५० मधला, किंवा परक्या मैदानावर पहिल्या ७५ मधला. घरी १६० च्या खालच्या संघाला हरवलंत तर तो चौथा गट. त्याची शाबासकी जवळजवळ शून्य, आणि चुकून हरलात तर डाग मोसमभर पुसत नाही. रणजीच्या प्लेट गटात शतकांवर शतकं ठोकणाऱ्याकडे निवडकर्ते ज्या नजरेने पाहतात, तीच नजर इथे.

वेस्ट कोस्टमध्ये सेंट मेरीज दरवर्षी दांडगा, एखाददुसरा बरा, आणि तळाचे काही दोनशेच्याही पलीकडे. त्यामुळे गॉन्झागाला मोठे विजय नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच गोळा करावे लागतात. बहामा, लास वेगास, माउई, केंटकीबरोबरची मालिका, सगळं त्यासाठी. त्या सहा आठवड्यांत दोन-तीन सामने निसटले की जानेवारी-फेब्रुवारीत भरपाईला जागाच नाही. आणि कॉन्फरन्समध्ये तीस-तीस गुणांनी जिंकत गेलं तरी समितीतला कोणीतरी म्हणणारच, ‘पण कोणाविरुद्ध?’

गेल्या मार्चचं उदाहरण घे. केनपॉम या संघांची क्रमवारी लावणाऱ्या संकेतस्थळाच्या आकडेमोडीत आणि नेटमध्येही गॉन्झागा पहिल्या दहात होतं. मानांकन मिळालं ८. जॉर्जियाला ८९-६८ असं धुतलं, आणि दुसऱ्याच फेरीत समोर पहिल्या मानांकनाचं ह्यूस्टन. ७६-८१, खेळ खलास. ते ह्यूस्टन पुढे अंतिम सामन्यापर्यंत गेलं.

आता आमचं २०१७ बघ. विचिटा स्टेट मिझुरी व्हॅली कॉन्फरन्स जिंकून ३०-४ वर उभं, केनपॉममध्ये पहिल्या दहात, आणि मानांकन १०! डेटनला हरवलं, मग दुसऱ्या फेरीत केंटकीकडून ६२-६५. त्याहून वाईट इलिनॉय स्टेटचं झालं. त्याच व्हॅलीत त्यांचेही १८ पैकी १७ विजय, विचिटाइतकेच, आणि त्यांना स्पर्धेत घेतलंच नाही. तो सगळा प्रकार जेमतेम महिन्यापूर्वी घडलेला, आणि ७ एप्रिल २०१७ ला विचिटा स्टेटने व्हॅली सोडून अमेरिकन कॉन्फरन्समध्ये जात असल्याचं जाहीर केलं. १९४५ पासूनचं घर सोडलं. इथल्या कोणाला त्याचं फार नवल वाटलं नाही.

पॅक-१२ मध्ये तुमच्याबरोबर कोण असेल ते बघ. जुन्यांपैकी उरलेले दोनच: वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट. माउंटन वेस्टमधून आलेले बॉइझी स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट. आणि शेवटी टेक्सस स्टेट. बास्केटबॉलला नऊ संघ, सगळ्यांशी दोनदा खेळलं तर १६ सामने. २०२४ मध्ये माउंटन वेस्टचे सहा संघ मार्चला गेले होते, त्यातले चार या यादीत आहेत. सॅन डिएगो स्टेट तर २०२३ ला अंतिम सामना खेळलं. पण सगळंच सोनं समजू नकोस. फ्रेस्नो स्टेटने गेल्या मोसमात ६ जिंकले आणि २६ गमावले.

खरा फरक परक्या मैदानांवर पडतो. वर सांगितलं तसं, बाहेर जाऊन ७० व्या क्रमांकाच्या संघाला हरवलं तरी तो पहिला गट. सॅन डिएगोचं व्हिएहास अरीना बारा हजारांवर माणसांचं, युटा स्टेटचं स्पेक्ट्रम दहा हजारांवर, आणि विद्यार्थी अगदी बाकाच्या मागे बसून कान किटवणारे. युटा स्टेटचं गाव लोगन आणि कोलोराडो स्टेटचं फोर्ट कॉलिन्स समुद्रसपाटीपासून साधारण १,४०० ते १,५०० मीटरवर, त्यामुळे उत्तरार्धात धावणाऱ्यांचे पाय जड होतात. लोगनला जायचं तर नेहमीचं विमान सॉल्ट लेक सिटीपर्यंत, पुढे सव्वाशे-एक किलोमीटर रस्ता, तोही जानेवारीत. अशा दौऱ्यांत झॅग्स वेस्ट कोस्टमध्ये हरायचे त्याहून दोन-तीन सामने जास्त हरतील. ती हार घातक नाही, कारण ती पहिल्या गटातली. तुमच्या गावकऱ्यांना मात्र ते पचायला वेळ लागेल, ३०-४ ऐवजी २५-८ दिसलं की कुरकुर सुरू होईल.

पैशाचं गणित लोकांना नीट माहीत नसतं. मार्चमध्ये खेळलेल्या प्रत्येक सामन्याला, अंतिम सामना सोडून, एक ‘युनिट’ मिळतं. एका युनिटची किंमत सहा वर्षांत मिळून साधारण वीस लाख डॉलर. अंतिम सामन्यापर्यंत गेलात तर पाच युनिट, म्हणजे कोटीभर डॉलर. पण हा पैसा कॉलेजच्या नव्हे, कॉन्फरन्सच्या खात्यात जातो, आणि वाटणी कॉन्फरन्स ठरवते. सोडून जाणारा सहसा आपली युनिटं मागे ठेवून जातो. विचिटाने २०१३ ला उपांत्य फेरी गाठून कमावलेले हप्ते २०१९ पर्यंत व्हॅलीत येत राहिले, आणि विचिटा तर २०१७ लाच बाहेर पडलेलं. गॉन्झागाचंही तसंच होईल. वेस्ट कोस्टला हे सगळं उमगलेलं होतं. २०१८ मध्ये गॉन्झागा माउंटन वेस्टकडे डोळा लावून बसलंय म्हटल्यावर त्यांनी कॉन्फरन्सचे सामने १८ वरून १६ केले आणि जिंकणाऱ्याच्या पदरात जास्त पडेल अशी वाटणी बदलली. त्यावर आणखी काही वर्षं निघाली.

आता विचिटाची पुढची गोष्ट. तुझ्या शेजाऱ्यांनी ऐकावी अशी हीच आहे.

अमेरिकनमधलं पहिलं वर्ष उत्तम गेलं. १४-४, मार्चमध्ये ४ थं मानांकन. म्हणजे ज्यासाठी गेलो ते लगेच मिळालं. (मग १३ व्या मानांकनाच्या मार्शल विद्यापीठाने पहिल्याच फेरीत घरी पाठवलं, तो भाग वेगळा.) २०२१ ला कॉन्फरन्सचं विजेतेपदही मिळालं. पण सोबती टिकले नाहीत. कनेटिकट २०२० ला बिग ईस्टमध्ये परत गेलं. ह्यूस्टन, सिनसिनाटी आणि सेंट्रल फ्लोरिडा २०२३ ला बिग १२ मध्ये गेले. एसएमयू २०२४ ला निघालं. त्यांच्या जागी आले शार्लट, राइस, नॉर्थ टेक्सस, यूटीएसए वगैरे. म्हणजे ज्या ह्यूस्टन-सिनसिनाटीसाठी घर बदललं ते शेजारी गेले, आणि उरला ईस्ट कॅरोलायना, टॅम्पा, फिलाडेल्फियाचा प्रवास. व्हॅलीत लोक गाडी काढून मिझुरी स्टेटच्या गावी, स्प्रिंगफील्डला जायचे. ग्रीनव्हिल, नॉर्थ कॅरोलायनाला कोण जाणार? २०२१ नंतर विचिटा मार्चच्या स्पर्धेत दिसलेलं नाही. सगळा दोष कॉन्फरन्सचा नाही, आमचे कोच ग्रेग मार्शल नोव्हेंबर २०२० मध्ये पायउतार झाले आणि घडी विस्कटली. पण घडी विस्कटल्यावर सावरायला जे आसपासचं बळ लागतं, तेही नेमकं तेव्हाच पांगत होतं.

आणि सोडून गेलेल्या या सोबत्यांपैकी कनेटिकट वगळता एकाचंही स्थलांतर बास्केटबॉलसाठी झालं नाही. बाकी सगळी फुटबॉलसाठी, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉलसाठी. विचिटाने फुटबॉल १९८६ च्या मोसमानंतर बंद केला, गॉन्झागाचा तर १९४१ नंतर नाहीच. फुटबॉलवाल्यांच्या गाडीत तुम्ही पाहुणे म्हणून बसलात की गाडी कुठे वळणार हे तुमच्या हातात नसतं. विचिटाबरोबर व्हॅलीत असलेलं क्रेटन २०१३ ला बिग ईस्टमध्ये गेलं ते आजही तिथे भक्कम आहे, कारण ती कॉन्फरन्सच मुळात बास्केटबॉलसाठी एकत्र आलेल्या कॉलेजांची.

पॅक-१२ ची नवी जुळणी पूर्ण फुटबॉलच्या अंगाने झाली आहे. वरच्या स्तरावर कॉन्फरन्स म्हणून मान्यता टिकवायला फुटबॉलचे आठ संघ लागतात. गॉन्झागा आलं तरी ती संख्या सातवर अडलेली होती, म्हणून २०२५ च्या जूनअखेर टेक्सस स्टेट आणलं. मेंफिस, टुलेन यांना २०२४ मध्ये विचारलं होतं, ते आले नाहीत. माउंटन वेस्टबरोबरच्या करारात त्यांचे संघ पळवल्याचा दंडही लिहिलेला होता: पहिल्यासाठी एक कोटी डॉलर, पुढच्या प्रत्येकासाठी पाच लाख जास्त. पाच संघांचे साडेपाच कोटी, आणि त्यावर कोर्टबाजी. उद्या बिग १२ ने यातल्या एखाद्या फुटबॉल संघाला हाक मारली तर तो थांबेल का? मला नाही वाटत.

तरीही गॉन्झागाने जावं असंच माझं मत आहे. विचिटापेक्षा त्यांचे पत्ते चांगले आहेत. पाव शतकाचं सातत्य आहे, आणि जुलै २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, तेव्हा फुटबॉल नसणं हा फायदाच. दुसऱ्यांचे पैसे फुटबॉलच्या शंभर पोरांत वाटले जातील, इथे पंधरा खेळाडूंच्या बास्केटबॉल संघावर जास्त लावता येतील. खरी काळजी फ्यू यांच्यानंतरची. ते आता ६२ वर्षांचे आहेत. आणि हरलेला पक्ष म्हणशील तर सेंट मेरीज: वर्षातले दोन-तीन मोठे सामने त्यांच्या हातून आपोआप जाणार.

आता तुझ्या कामाचं. घरचं मैदान मॅकार्थी सेंटर, लोक त्याला ‘केनेल’ म्हणतात, जेमतेम ६,००० जागा. मोसमाचं तिकीट लगेच मिळेल या भ्रमात राहू नकोस. थेट पाहायचं असेल तर पुलमनला वॉशिंग्टन स्टेटचा सामना धर, यूएस १९५ ने साधारण १२० किलोमीटर. तो रस्ता जानेवारीत बर्फाने निसरडा होतो, टायर हिवाळी घालूनच निघ. टीव्हीवर २०२६ पासून मुख्य सामने सीबीएसवर, काही यूएसए आणि सीडब्ल्यूवर. टेक्सस स्टेटचं गाव सॅन मार्कोस तुमच्यापेक्षा दोन तास पुढे, तिथला संध्याकाळी सातचा सामना तुला पाचलाच लागेल, ऑफिसातून वेळेवर निघ. लेकीला व्हॉलीबॉल आवडतो ना? महिलांचे संघही याच कॉन्फरन्समध्ये जाणार, आणि व्हॉलीबॉलचं तिकीट सहज मिळतं.

वेळापत्रक आलं की पाठव. फेब्रुवारीत लागोपाठ किती सामने बाहेर आहेत ते मला आधी बघायचंय.

वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
अनिरुद्ध