नानांचा पटर आणि सेंट अँड्र्यूजचा प्रवास

पुणे,
१४ मे

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. सप्टेंबरात गोल्फ खेळायला स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला जायचे नक्की झाले, हे वाचून मनापासून आनंद झाला. किट इथून न्यावे की तिथे भाड्याने घ्यावे, आणि न्यायचे झाले तर नानांचा पितळी पटर, म्हणजे होलजवळच्या ग्रीनवर चेंडू हलकेच ढकलायचा क्लब, बरोबर न्यायची जोखीम घ्यावी की नाही, असे तू विचारले आहेस. हाच प्रवास मी दोन वर्षांपूर्वी केला आणि त्यात माझा ड्रायव्हर, म्हणजे सेटमधला सर्वांत लांब क्लब, मोडून बसलो, म्हणून तुला दोन ओळींत उत्तर देणे मला पटत नाही. सविस्तर लिहितो, सवडीने वाच.

आधी भाड्याचे. सेंट अँड्र्यूजला चांगले सेट भाड्याने मिळतात, आणि एखादाच राउंड खेळायचा असता तर मी तुला रिकाम्या हाताने जा असेच सांगितले असते. पण तू आठवडाभर राहणार आहेस, चार-पाच राउंड खेळणार आहेस, आणि समुद्रावरून येणाऱ्या त्या वाऱ्यात चेंडू खाली ठेवून मारायचा तर हाताला सवयीचे क्लब हवेत. शिवाय नानांचा पटर भाड्याने मिळत नाही. त्यांनी येरवड्याच्या कोर्सवर वीस-बावीस वर्षे ज्या पटरने खेळ केला, तो सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सच्या ग्रीनवर ठेवायची तुझी इच्छा मला पूर्णपणे समजते. तेव्हा किट ने, पटरही ने. कुरिअरने आधी पाठवण्याच्या भानगडीत मात्र पडू नकोस. वापरलेल्या वस्तू एकट्याच परदेशी पाठवल्या की तिकडच्या कस्टमची कागदपत्रे, मूल्य आणि कर यांचा गुंता सुरू होतो. प्रवाशाबरोबर सामान म्हणून गेलेल्या किटला तो त्रास सहसा होत नाही.

पटर हातात घेऊन विमानात बसता येईल का, हा विचार तुझ्या मनात आलाच असेल, कारण तो माझ्याही मनात आला होता. तसे करता येत नाही. गोल्फचा कोणताही क्लब, पटरसुद्धा, केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. सुरक्षा तपासणीत तो अडवला जातो आणि त्या वेळी तो परत घरी पाठवायला हाताशी कोणी नसते. म्हणजे पटर विमानाच्या पोटातल्या, चेक-इनच्या सामानातच जाणार, आणि म्हणून सगळी काळजी बॅग भरण्यातच घ्यावी लागते.

माझे काय झाले ते सांगतो. मी मऊ कव्हर घेतले होते, चांगले जाड अस्तराचे, आणि प्रत्येक वूडला, म्हणजे मोठ्या डोक्याच्या लांब क्लबला, हेडकव्हर घातले होते. एवढे पुरेसे आहे असे मी समजलो. पण गोल्फच्या बॅगेचा स्वभाव असा की सगळ्या क्लबांची डोकी एकाच टोकाला असतात आणि ती बॅगेच्या वर आलेली असतात. बॅग उलटी उभी केली किंवा गाडीवरून डोक्यावर पडली, की सगळा धक्का सर्वांत उंच क्लबवर, म्हणजे ड्रायव्हरवर येतो. तो शाफ्टमधून, म्हणजे क्लबच्या दांड्यातून, खाली जातो आणि शाफ्ट व डोके जिथे जोडलेले असते त्या मानेशी क्लब तुटतो. माझा नेमका तिथेच तुटला. हेडकव्हर ओरखडे वाचवते, मान वाचवत नाही.

यावर उपाय सोपा आणि स्वस्त आहे. लांबी कमी-जास्त करता येणारी एक मजबूत दांडी मिळते, दुकानात तिला ‘स्टिफ आर्म’ म्हणतात; वरच्या टोकाला इंग्रजी T अक्षरासारखी रुंद पट्टी असते. ती क्लबांच्या मधोमध बॅगेच्या तळापर्यंत उभी करायची आणि ड्रायव्हरपेक्षा दोन-तीन इंच उंच ठेवायची, म्हणजे बॅग डोक्यावर पडली तरी मार दांडी खाते. ती बॅगेत हलू नये म्हणून भोवती टॉवेल कोंबायचे. आणि तुझ्या ड्रायव्हरचे व फेअरवे वूडचे डोके पान्याने निघते, ते काढच; डोकी मोज्यांत गुंडाळून चेक-इनच्या सुटकेसमध्ये कपड्यांच्या मधोमध ठेव. तो छोटा पानाही चेक-इनमध्येच टाक, हातातल्या बॅगेत विसरू नकोस. आयर्न, म्हणजे धातूच्या पात्यासारख्या डोक्याचे क्लब, एकमेकांवर आपटून खडखडतात, म्हणून त्यांच्या डोक्यांभोवती एक मोठा टॉवेल गुंडाळून वर रबरी पट्टा लाव.

नानांच्या पटरसाठी वेगळी तजवीज कर. पितळ मऊ असते, शेजारच्या आयर्नची धार लागली तरी खळगा पडतो, आणि त्या पटरच्या दोन्ही बाजूंनी चेंडू मारता येत असल्यामुळे जपायला दोन चेहरे आहेत. आधी फ्लॅनेलचा कपडा, त्यावर फुगेवाला प्लास्टिक कागद, त्यावर पटरचे कव्हर, आणि मग बॅगेत दांडीला लागून, सर्व क्लबांच्या मधल्या कप्प्यात. पटर सेटमधला सर्वांत आखूड असतो, त्यामुळे उंच क्लबांच्या आडोशाला तो आपोआप खाली राहतो. त्याला बाहेरच्या कप्प्यात मात्र कधीही ठेवू नकोस.

कठीण कवचाची पेटी घ्यावी का, असेही विचारले आहेस. संरक्षण तिचे अधिक, यात शंका नाही, पण ती स्वतःच पाच-सहा किलोच्या पुढे जाते आणि लहान टॅक्सीच्या डिकीत बसत नाही. मला विचारशील तर मऊ, जाड अस्तराचे, चाके असलेले कव्हर आणि आत दांडी ही जोडी उत्तम. एवढे मात्र लक्षात ठेव की काही विमान कंपन्या मऊ कव्हरातल्या किटसाठी मर्यादित जबाबदारीच्या चिठ्ठीवर सही घेतात. सही करण्याआधी ती वाच.

आता वजन. चौदा क्लबांचे मिळून साधारण सहा किलो होतात, आणि चौदाच्या वर नियम जाऊ देत नाही. ही मर्यादा अमेरिकेत १९३८ पासून आणि तिकडे स्कॉटलंडच्या बाजूला १९३९ पासून आहे. उभी राहणारी हलकी बॅग दोन-अडीच किलोची, कव्हर चार किलोच्या आत, म्हणजे बारा-साडेबारा झाले. त्यात बूट एक किलो, पावसाचा पोशाख एक किलो. चेंडूचे वजन नियमाने ४५.९३ ग्रॅमच्या वर नसते, त्यामुळे दोन डझन म्हणजे सव्वा किलोच्या आतच. एकूण सोळाच्या आसपास, म्हणजे २३ किलोच्या मर्यादेत आरामात बसते, पण उरलेल्या जागेत कपडे भरायचा मोह होतो, तो आवर. बॅग जड झाली की उचलणारा ती आपटतो. ३२ किलोच्या वरची बॅग तर बहुतेक कंपन्या घेतच नाहीत. तुझी मोठी, दिमाखदार बॅग घरीच ठेव. ओल्ड कोर्सवर चालतच खेळावे लागते, प्रकृतीचे कारण असेल तरच गाडी मिळते, आणि ती मोठी बॅग किट वाहणाऱ्या कॅडीच्या खांद्यावर टाकणे मला बरे वाटत नाही.

तिकिटाबाबत तुला आग्रहाने सांगतो: नागपूर ते एडिनबरा सगळा प्रवास एकाच तिकिटावर घे. देशांतर्गत विमानात साध्या वर्गाला साधारणपणे १५ किलोच सामान मिळते आणि परदेशाच्या तिकिटाचे नियम वेगळे असतात. दोन तिकिटे वेगळी असली की नागपूरच्या काउंटरवरच जादा पैशांवरून अडचण येते आणि मुंबईत किट उतरवून पुन्हा चेक-इन करावे लागते. किट नेतो आहेस हे कंपनीला आधीच फोन करून कळव, तिकिटाच्या नोंदीत ते लिहून घ्यायला सांग आणि त्याचा स्क्रीनशॉट जवळ ठेव. कुणी किट साध्या सामानात धरते, कुणी वेगळे शुल्क घेते, त्यामुळे माझ्या वेळचा अनुभव तुला लागू पडेलच असे नाही. शक्यतो एकदाच विमान बदलायचे असेल असा मार्ग निवड, आणि मध्ये दोन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नकोस. लांब आकाराचे सामान बऱ्याचदा वेगळ्या पट्ट्यावरून, वेगळ्या माणसांच्या हातून जाते. तू धावत विमान गाठशील, किट गाठेलच असे नाही.

हे लिहितानाच दिवसांची एक युक्ती सुचवतो. शनिवारी पोहोचेल असे तिकीट काढ. रविवारी ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतो, गावातले लोक तिथे फिरायला येतात, कोर्सवरच्या स्विल्कन पुलावर उभे राहून फोटो काढतात. तूही त्या दिवशी सतराव्या होलपासून नुसता चालून ये. किट मागे राहिले तरी ते येऊन पोहोचायला तुला एक अख्खा दिवस मिळतो, आणि सोमवारच्या खेळासाठी बॅलटमध्ये नाव घालायचे तर ती सोडत दोन दिवस आधी निघते, म्हणजे शनिवारीच तुला कळते. हँडिकॅपचा, म्हणजे तुझ्या खेळाच्या पातळीचा, दाखला कागदावर छापून बरोबर ठेव.

अंतर मोजणाऱ्या रेंजफाइंडरची सुटी बॅटरी आणि पॉवर बँक केबिनमध्ये घे. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या पोटातल्या सामानात चालत नाहीत. बॅटरीवर चालणारी ट्रॉली मात्र नेऊच नकोस. १०० वॅट-तासांच्या वरच्या बॅटरीला कंपनीची परवानगी लागते आणि १६० च्या वरची प्रवाशाच्या सामानात घेतच नाहीत. बॅगेत नाण्याएवढ्या सेलवर चालणारा एखादा ट्रॅकर ठेव, त्याला हरकत नसते. किट कोणत्या विमानतळावर आहे ते काउंटरवरच्या माणसापेक्षा तुला आधी समजते.

निघण्याआधी प्रत्येक क्लबचा आणि पटरचा दोन्ही बाजूंनी फोटो काढ, खरेदीच्या पावत्या मोबाइलमध्ये ठेव. एडिनबराला पट्ट्यावरून बॅग उचलल्याबरोबर तिथेच, बाहेर पडण्याआधी, कव्हर उघडून बघ. मी थकव्याने तसाच हॉटेलवर गेलो आणि तुटलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला. कंपनीने मग विचारले की हे विमानतळावरच का सांगितले नाही, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. नुकसान दिसले तर विमानतळावरच लेखी नोंद करून तिची प्रत घे. मॉन्ट्रियल कराराप्रमाणे नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या सामानाची एकवीस दिवसांत करावी लागते. भारत २००९ पासून या करारात आहे. भरपाईची कमाल मर्यादा २०२४ च्या डिसेंबरअखेर १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) झाली, रुपयांत दीड-दोन लाखांच्या दरम्यान, आणि तीही प्रवाशाच्या सगळ्या सामानाला मिळून. म्हणून प्रवासविम्यात क्रीडासाहित्य वेगळे नमूद करून घे. पटरची किंमत मात्र कोणताही विमा भरून देणार नाही, म्हणून त्याच्या बांधणीविषयी मी इतके लिहिले.

एडिनबराहून रेल्वेने लूकर्स स्टेशनपर्यंत जाता येते आणि तिथून गाव बस-टॅक्सीने जवळच आहे, पण दोघांची किट असतील तर मोठी टॅक्सी आधीच सांगून ठेव.

माझे कव्हर आणि दांडी दोन्ही तुझ्यासाठी काढून ठेवली आहेत, विकत घेऊ नकोस. जुलैमध्ये पुण्याला येशील तेव्हा पटर बरोबर आण. आपण बॅग एकदा पूर्ण भरू, काट्यावर ठेवू आणि अंगणात गवतावर डोक्यावर आपटून पाहू. पटर तेवढा त्या वेळी बाहेर काढून ठेवू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुधीर